ठोक्याआधीचा बारीक आवाज

सकाळचा भोंगा व्हायचा, माणसं आपापल्या जागी उभी राहायची, वीज चालू व्हायची, तरी आमच्या प्रेस विभागात कोणी पेडलवर पाय ठेवत नसे. सगळे मामांची वाट बघत. मामा हातात लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचे. प्रत्येक प्रेसपाशी थांबून त्याचं टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि चालवणाऱ्याला म्हणायचे, "हं, मार." एक ठोका पडायचा. मग आणखी एक. मामा मूठ कानावरून काढून मान हलवायचे आणि पुढे जायचे. मान हलली की ती प्रेस दिवसभरासाठी सुरू. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि तो कोणी काढला हेही कोणाला सांगता आलं नसतं. पण खुद्द मालकांनी येऊन 'चालू करा' म्हटलं असतं, तरी लोकांनी आधी मामांच्या मानेकडे बघितलं असतं.

आमच्याकडे पत्र्याच्या डब्यांची झाकणं होतात. मी तिथल्या हिशेब खात्यात. माझ्या खुर्चीमागच्या काचेतून सगळा प्रेस विभाग दिसतो. राहायलाही मी मामांच्या समोरच्याच दारात, त्यामुळे कारखान्यातले मामा आणि घरातले मामा असे दोन्ही मला माहीत होते. दोघांत फार फरक नव्हता. घरीही ते खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवून बघत.

हुद्द्याने ते देखभालीचे फिटर. पण त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम वेगळं होतं. कोणत्या यंत्रापाशी माणसाला इजा होऊ शकते ते आधी हेरायचं आणि तिथे जाळी, झाकण, कठडा, काही ना काही बसवून घ्यायचं. वर्षअखेरीला यंत्रांची मोजदाद करायला मी विभागात जात असे तेव्हा ते माझ्याबरोबर फिरत.

"साहेब, तुम्ही यंत्रं मोजा. मी बोटं मोजतो," ते म्हणायचे.

धोका कसा ओळखायचा, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी मला पत्रा कापायच्या यंत्रापाशी नेलं. यंत्र हिरव्या रंगाचं, पण एका बाजूला, कडेच्या पट्टीवर, रंग उडून लोखंड चकचकीत झालेलं.

"इथं हात लावायचं कोणाला काही काम आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही बुवा."

"मग रंग कसा उडाला? मागे पडलेला तुकडा उचलायला वाकतात आणि इथं हात टेकतात. पातं चालू असताना. विचारलं तर सगळे म्हणतील, छे, आम्ही नाही. माणूस खोटं बोलेल, रंग नाही बोलत. जिथला रंग उडालाय तिथं हात जातो, आणि जिथं हात जातो तिथं एक दिवस हात राहतो."

पुढच्याच आठवड्यात त्या यंत्रामागे उतरती घसरगुंडी बसली. तुकडे आपोआप बाहेर यायला लागले आणि वाकायचं कारणच उरलं नाही. अशा त्यांच्या कितीतरी खुणा त्या विभागात आहेत. सफाईला काढलेली पट्ट्यावरची जाळी खिळ्याला टांगून लोक विसरायचे, म्हणून त्यांनी तो खिळाच उपटून टाकला. जाळी ठेवायला जागाच नाही म्हटल्यावर ती जागच्या जागी परत बसायला लागली. लोंबत्या बाहीचा कोणी दिसला तर ते ओरडत नसत. खिशातून सुतळी काढून त्याची बाही मनगटाशी बांधून टाकत. "नवरदेवा, लग्न लागलं," म्हणत आणि पुढे जात. ज्याची बाही बांधली त्याला दिवसभर चिडवाचिडवी सोसावी लागे आणि दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या बाहीचा सदरा घालून येई.

सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, पण हक्काने म्हणणारी एकच होती, त्यांची भाची मनी. बहीण आजारपणात गेली, मेव्हण्याने दुसरं घर मांडलं आणि मनी या मामा-मामींकडे आली ती त्यांचीच झाली. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. शिक्षण झाल्यावर तिने कारखान्यात यायचा हट्ट धरला तेव्हा मामा कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. शेवटी मामीच म्हणाल्या, "कुठेतरी जाणारच आहे ती. परक्या ठिकाणी गेलेली चालेल का तुम्हाला?" डोळ्यांसमोर राहील, या एका विचारावर त्यांनी तिला आणलं. फेरी सुरू व्हायची ती तिच्याच प्रेसपासून.

या सगळ्यात मामांनी एक धोका कधीच धरला नाही, तो म्हणजे आवाजाचा. आमच्या विभागात दोन माणसं शेजारी उभी राहून बोलायची तर तोंड कानाशी न्यावं लागतं. एवढ्या ठोक्यांत मामांनी सगळी नोकरी उघड्या कानांनी काढली. सुरक्षा अधिकारी म्हणून एक तरुण बाई रुजू झाल्या, त्यांनी पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कानात घालायची बोंडं वाटली. डोक्यावरची टोपी त्या कधी उतरवत नसत म्हणून लोकांनी त्यांचं नाव हेल्मेटबाई ठेवलं होतं. बाई मनाने चांगल्या, कामाला पक्क्या. लोकांनी कुरकुरत का होईना बोंडं घातली. मामांनी मात्र ती पाकिटासकट परत दिली.

"बाई, कान बंद करून मी काय नाकाने ऐकू?"

"मामा, फेरीपुरती काढा. बाकी दिवसभर घाला."

"दिवसभर मी काय झोपा काढतो? माझी फेरी चालूच असते."

हेही खरं होतं. ते चालता चालता मधेच थांबत, मान तिरकी करत, आणि तिसऱ्या रांगेतल्या मोटरचा बेअरिंग जाणार हे सांगत. असा माणूस कान बंद करायला तयार होईना, यात कोणाला नवल वाटलं नाही.

कान जायला लागले ते आधी मामींना कळलं.

"अहो, बेल वाजतेय."

"वाजू दे, थकली की थांबेल," मामा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत. हा विनोद आहे असं आम्हाला बरेच दिवस वाटत होतं. मग दूध उतू जाऊन विझायला आलेल्या शेगडीशेजारी ते शांत बसलेले दिसले. हाक मारली की भलत्याच दिशेला बघायला लागले. मामी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "हळू बोललं तर त्यांच्या कानावर जात नाही, आणि मोठ्याने बोललं तर मनावर जातं. मी बोलू तरी कशी?"

मनी त्यांना उघड चिडवायची. "मामा, तुला घरातलं मुद्दाम ऐकू येत नाही. मामीने काम सांगितलं की कान बंद."

"घरातलं नाही येत ऐकू," मामा हसून कबूल करायचे. "यंत्राचं येतं. ते दांडीतून येतं ना, सरळ हाडात."

हे त्यांना स्वतःलाही खरं वाटत होतं आणि अर्धं खरं होतंही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीतून प्रेसचा ठोका कवटीत भरतो. तो बहिऱ्यालाही कळेल. पण ठोक्याच्या आधी एक बारीक आवाज असतो. पेडल सोडलं की आतली खीळ खाचेत बसते आणि वर गेलेला घण वरच थांबतो. तेव्हा एक छोटासा 'टिक' होतो, घड्याळाच्या काट्यासारखा. खीळ झिजली की तो आवाज खरखरतो, नाहीतर दोनदा येतो. याचा अर्थ असा, की घण एखाद्या वेळी वर थांबणार नाही, पेडल न दाबताच पुन्हा खाली येईल. तो दुसरा ठोका रिकाम्या साच्यावर पडेल की झाकण काढायला आत गेलेल्या हातावर, ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. मामांची फेरी मुळात होती ती या 'टिक'साठी. आणि आवाजाने कान जातात तेव्हा पहिले जातात ते असलेच बारीक आवाज. हे मला नंतर हेल्मेटबाईंनी सांगितलं.

बाईंनी सगळ्यांचे कान तपासून घ्यायचं ठरवलं. दारात एक गाडी आली, आत काचेची खोली. कानावर यंत्र चढवायचं आणि आवाज आला की बोट वर करायचं. मामा टाळत होते, आज उद्या करत होते. शेवटी बाईंनी हाताला धरून नेलं. आत बसल्यावर मामांच्या लक्षात आलं, की काचेपलीकडचा मुलगा बटण दाबतो तेव्हा त्याचं कोपर जरासं हलतं. सगळं आयुष्य माणसांचे हात बघण्यात गेलेलं. कोपर हललं की मामा बोट वर करत. एक-दोनदा त्यांनी मुद्दाम उशीर केला, म्हणजे संशय नको. निकाल आला: वयाच्या मानाने उत्तम.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. मनी पोट धरधरून हसली.

"मामा, परीक्षेत कॉपी केलीस!"

"कॉपी कसली? निरीक्षण म्हणतात त्याला."

मामी हसल्या नाहीत. पण तेवढ्यावरच तो विषय संपला. खरं सांगितलं असतं तर मामांना विभागातून हलवलं असतं, एवढं सगळ्यांना कळत होतं. विभागाबाहेर मामा म्हणजे काय, याची कल्पना कोणालाच करवत नव्हती.

त्यानंतर खोल झाकणांचं नवं काम आलं आणि त्याचा साचा मनीच्या प्रेसवर चढला. साचा जुन्या साच्यापेक्षा उंच. हातापुढची जाळी त्यावर बसेना, ती काढून रुंद करायला पाठवावी लागली. जाळी येईपर्यंत प्रेस बंद ठेवा, असं हेल्मेटबाईंनी स्पष्ट सांगितलं. मॅनेजरला माल वेळेवर द्यायचा होता. दोघांची जुंपली. मामा मधे पडले.

"जाळी येईपर्यंत मी आहे ना. रोज सकाळी ऐकतो, दुपारी परत ऐकतो. खीळ ठीक आहे तोवर काही होत नाही."

बाई मामांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मामा, राग मानू नका. पण इतक्या माणसांचे हात एका माणसाच्या कानांवर ठेवायचे, ही पद्धतच मला धोक्याची वाटते."

मामांना ते लागलं. "इतकी वर्षं ठेवलेत. एकाचं नख तरी गेलंय का, विचारा." खरोखरच गेलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "बघा, मामा जबाबदारी घेतायत," आणि प्रेस चालू राहिली.

जाळी यायला लांबण लागली. त्या दिवसांत मामा मनीच्या प्रेसपाशी जास्त वेळ थांबत. मूठ कानात रुतेल इतकी दाबून धरत.

त्या दिवशी सकाळी फेरी तिच्यापासूनच सुरू झाली. मामांनी दांडी टेकवली, "हं, मार" म्हणाले, दोन ठोके पडले, त्यांनी मान हलवली. तशी मनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मामा, आज आवाज वेगळा येतोय बघ. खरखर येतेय मधेच."

मामांनी पुन्हा दांडी टेकवली. डोळे मिटले. पुन्हा दोन ठोके.

"काही नाही. नवा साचा आहे, बसतोय अजून. चालव."

"नक्की ना?"

"अगं, तू ऐकणार की मी?"

मनी हसली आणि कामाला लागली. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं तिने सोडून दिलं, कारण मामांची मान हलली होती. तिच्या जागी मी असतो, तुम्ही असता, तर आपणही तेच केलं असतं.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी घण वर गेला आणि थांबला नाही. मनीचा उजवा हात साच्यात अडकलेलं झाकण काढत होता. विभागातल्या सगळ्यांनी तिची किंकाळी ऐकली, मी काचेमागे ऐकली. मामा पलीकडच्या रांगेत पाठमोरे उभे होते. त्यांना ती ऐकू आली नाही. माणसं धावताना दिसली म्हणून त्यांनी वळून बघितलं आणि ती कोणत्या दिशेने धावतायत हे बघून हातातलं सगळं टाकलं.

अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन बोटं गेली.

दवाखान्यात मॅनेजर जबाब घ्यायला आला तेव्हा मनी म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं. पेडलवर चुकून पाय पडला." इकडे कारखान्यात ती प्रेस कितीतरी वेळ रिकामी चालवून बघितली होती, ती शहाण्यासारखी चालली. झिजलेली खीळ हजारदा नीट बसते आणि एकदा बसत नाही. त्यामुळे मनीचं म्हणणं सगळ्यांना पटलं. हेल्मेटबाई तेवढ्या म्हणत होत्या, की प्रेस उघडून बघा. पण चालत्या यंत्राचं पोट फाडायला मॅनेजर तयार नव्हता. मुलगी स्वतः चूक कबूल करतेय, मग आणखी काय शोधायचं?

मनीच्या शेजारच्या प्रेसवर एक थोराड बांध्याची बाई होती, तिला सगळे वहिनी म्हणत. ती भेटायला आली, मनीच्या डोक्यावरून हात फिरवून रडली, आणि जाता जाता म्हणाली, "तुझ्या जागी उद्यापासून मला बसवतायत. जाळी परवापर्यंत येईल म्हणे. मी आपली पाय जपून ठेवीन बाई."

ती गेली. मामा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. वहिनीच्या ओठांवरून त्यांना बहुतेक कळलं असावं, कारण त्यांनी मामींकडे बघून विचारलं, "तिला बसवतायत?" मामींनी मान हलवली.

मनी हळूच म्हणाली, "मामा, तू काही बोलू नकोस."

"काय?"

"तू गप्प बस. मी पेडलचं सांगितलंय."

"काय म्हणतेस?" मामा वाकले, तळहात कानामागे धरला.

गुपित कुजबुजून सांगायचं असतं, पण बहिऱ्या माणसाला कुजबूज कशी ऐकू जाणार? शेवटी मनीला ओरडावं लागलं. भरल्या वॉर्डात, पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून ती ओरडली, "मी सांगितलंय की माझी चूक झाली! आवाजाचं मी तुला बोलले होते ते कोणाला सांगू नकोस! तुझं नाव खराब होईल!"

शेजारच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. नर्स दारात येऊन उभी राहिली. या वेळी मामांना सगळं ऐकू आलं होतं.

त्यांनी कानामागचा तळहात खाली घेतला. मग म्हणाले, "आणि वहिनीचा हात?"

"जाळी येईल ना परवा."

"उद्याचं काय?"

मनीला रडू फुटलं. "माझी बोटं गेली ती गेली. आता तू कशाला जातोस? सगळे तुला काय म्हणतील? मामी, तू सांग ना त्याला."

मामींनी पदराने तोंड पुसलं. "मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "मी सांगायला पाहिजे होतं ते कधीच सांगितलं नाही. आता काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, माणसं जागेवर उभी राहिली, वहिनी मनीच्या स्टुलावर बसली. मामा आले ते रिकाम्या हातांनी. विभागाच्या मधोमध उभे राहिले. वीज अजून चालू झालेली नव्हती म्हणून त्यांचं बोलणं काचेमागे मलाही ऐकू आलं. त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. ते फार मोठ्याने बोलत होते.

"ही प्रेस चालू करू नका. मनीचा पाय पेडलवर नव्हता. तिने सकाळी मला सांगितलं होतं, आवाज खराब येतोय. मी ऐकलं, मला काही आलं नाही. मी म्हटलं चालव." ते थांबले. "मला येतच नाही ऐकू. आजचं नाही हे. बरेच दिवस झाले. मी तुमच्या सगळ्यांच्या यंत्रांना दांडी लावतो आणि मान हलवतो, पण मला त्यातलं काही ऐकू येत नाही."

मॅनेजर पुढे येऊन त्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "मामा, तुम्ही खचलायत. घरी जा. ती स्वतः सांगतेय ना..."

"ती मला वाचवतेय. तुम्ही खीळ काढून बघा."

हेल्मेटबाई मनीच्या प्रेसपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मॅनेजरकडे त्यांनी नुसतं एकदा बघितलं. प्रेस उघडली. खिळीची कड साबणाच्या वडीसारखी गोल झालेली होती आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग तुटलेली. मग बाईंनी सगळ्याच प्रेस उघडायला लावल्या. वहिनीच्या नेहमीच्या प्रेसमधली खीळही तशीच झिजत आलेली निघाली.

वहिनीचा हात वाचला. पण सगळ्यात जास्त संतापली तीच. मामा दारातून बाहेर पडत होते तेव्हा ती आडवी आली.

"इतके दिवस आम्ही तुमच्या मानेकडे बघून हात घालत होतो हो! माझी दोन पोरं आहेत घरी. एकदा तरी सांगायचंत!"

मामांनी तिच्या ओठांकडे बघितलं. कळलं की नाही कोण जाणे. हात जोडले आणि निघून गेले.

वहिनीसारखं बाकीच्यांपैकी तोंडावर कोणी बोललं नाही, पण मनातून बरेच जण तेच म्हणत होते. कोणी म्हणे, खरं बोलायलाही छाती लागते. त्यावर दुसरा म्हणे, ती छाती आधी कुठे गेली होती? दोघांचंही खरंच होतं. मालकांनी मामांना सामानाच्या खोलीत बसायचं काम देऊ केलं, निवृत्तीपर्यंत. मामा आले नाहीत. प्रत्येक प्रेसला आता दोन बटणं बसलीत, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय घण खाली येत नाही. खिळी ठरलेल्या दिवशी उघडून डोळ्यांनी बघतात. हेल्मेटबाई म्हणाल्या ते बरोबर होतं. सकाळी भोंगा झाला की यंत्रं लगेच सुरू होतात. सुरुवातीला काही दिवस लोक सवयीने थांबायचे, मग एकमेकांकडे बघून खाली मान घालून कामाला लागायचे.

मनीला कारखान्याने आवक-जावक खिडकीवर काम दिलं. त्याआधी बँकेतली तिची सही बदलायची होती. उजव्या हाताने पेन धरवत नव्हतं, आता सही डाव्या हाताची करावी लागणार होती, आणि ती दर वेळी सारखी यायला हवी. बँकेची कामं मला सवयीची, म्हणून मी कागद घेऊन रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आधी कोऱ्या कागदावर घोटून घे, जमली की मग बँकेच्या कागदावर कर. ती मान हलवून आत गेली. मामी तिच्यामागोमाग गेल्या.

मामा आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो. त्यांनी कानाला यंत्र लावलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलेलं ते फडताळात पडून होतं. ते लावलं की सगळ्या बाजूंनी गोंगाट येतो, म्हणायचे, काय ऐकायचं ते निवडता येत नाही. आम्ही फारसं बोललो नाही. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आतून पेन खरडल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. कागद टराटरा फाडल्याचा आवाज आला, पुन्हा खरडणं, पुन्हा फाडणं. मग काही वेळ काहीच नाही. मग मनी रडायला लागली. आधी तोंड दाबून, मग उघडपणे, लहान मूल रडतं तशी. मामींचं "अगं राहू दे, उद्या कर, राहू दे" ऐकू येत होतं.

दार उघडंच होतं. मामा दाराकडे पाठ करून खिडकीतून रस्ता बघत होते. खाली कोणी सायकलवरून गेलं, त्याच्याकडे त्यांनी मान वळवून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जमतेय का हो तिला?"

माझ्या चेहऱ्याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. ओठ वाचायला ते शिकले होते, चेहराही वाचत असतील. मी जमेल तेवढा सरळ चेहरा ठेवला.

"जमतेय," मी मोठ्याने म्हणालो. "हळूहळू जमतेय."

आतलं रडणं एकदम थांबलं. माझा आवाज तिने ऐकला होता. थोड्या वेळाने पेन पुन्हा खरडायला लागलं.

मामांनी समाधानाने मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.